मागचा आरसा

१

केस कापायला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी टाळायची निमित्तं शोधायला लागतो. याला भीती म्हणायला मी कधीच तयार नव्हतो. मी त्याला किळस म्हणत आलो. परक्या माणसाच्या हाती धारदार हत्यार द्यायचं, त्याचं फडकं गळ्याभोवती आवळून घ्यायचं, चष्मा काढून आंधळं व्हायचं आणि वर त्याची बडबड ऐकायची, यात मजा वाटणारी माणसं असतात. ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढतात, घरच्या गोष्टी सांगतात, निघताना खांद्यावर थाप मारून घेतात. अशा माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. तसं ते फारसं कुणाबद्दलच नाही.

एकतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. हातात लाल पेन आणि समोर दुसऱ्याची चूक असली की मला बरं वाटायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोळ्यांचा नंबर उणे अकरा. चष्मा असला तर निसटलेला अनुस्वार हातभरावरून दिसायचा, नसला तर समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग. त्यामुळे सलूनमध्ये मी कायम डागांच्या दुनियेत बसलेला असायचो.

हे सलून मी निवडलं ते तिथं कुणी जात नाही म्हणून. दोन चौक ओलांडले की एक अरुंद गल्ली, तिच्या टोकाला काचेचं दार, आत तीन खुर्च्या, त्यांतली एकच वापरात. चालवणारा एक बुटका माणूस. त्याला मी मनात पोपट म्हणायचो, कारण फडकं बांधलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं ते फडकं झटकेपर्यंत. माझ्या डोक्यामागे उभा राहून, हळू आवाजात, नाकातल्या नाकात. पहिल्याच दिवशी मी ठरवलं की या प्राण्याला एका शब्दानंही उत्तर द्यायचं नाही. एकोणीस वर्षं दिलं नाही. तरी तो गप्प बसला नाही. काही माणसांना लाज म्हणून नसते.

सगळं झालं की तो एक छोटा आरसा माझ्या डोक्यामागे धरायचा, समोरच्या मोठ्या आरशात मला मागची बाजू दिसावी म्हणून. आणि दर वेळी तेच विचारायचा, "बघा. असंच राहू द्यायचं ना?"

चष्म्याविना मला काय कपाळ दिसणार? एक फिकट डाग आणि त्याच्या कडेनं काळं काहीतरी. मी मान डोलवायचो. लवकर सुटावं म्हणून सगळेच डोलवतात. आपल्या डोक्यामागे काय करून ठेवलंय हे बघायची कुणाला हौस नसते, आणि त्या क्षणी 'नाही' म्हणायची कुणाची छाती नसते. दुसऱ्याच्या पानावर मी चार-चार वेळा नजर फिरवायचो, आणि इथं न बघताच मंजुरी देत होतो. दर महिन्याला एकदा, एकोणीस वर्षं.

२

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी एकेक डोळा उघडून आत नवं भिंग बसवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला चष्म्याशिवाय दिसायला लागलं. वाचायला तेवढा एक साधा चष्मा. बाकी सगळं लख्ख. घराच्या भिंतींवरचे पोपडे दिसले, बायकोच्या गळ्याच्या सुरकुत्या दिसल्या, समोरच्या इमारतीतला माणूस नाकात बोट घालताना दिसला. एवढं सगळं बघायची मला हौस नव्हती.

ऑपरेशनांच्या काळात डोक्यावर पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, सलूनमध्ये जायचं नाही. दोन डोळ्यांचे मिळून चार महिने गेले. केस कॉलरच्या खाली उतरले. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं. शाळेच्या सुट्टीत पोरांना वाटतं तसं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. पाच महिन्यांनी. ती माझ्याशी बोलत नव्हती आणि कारण मीच दिलं होतं. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्या भेटीत कौतुकानं त्यांचा घरचा अल्बम दाखवायला काढला. प्रत्येक फोटोखाली बाईंनी स्वतःच्या हातानं दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्यांतल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बाई रडत आत गेल्या. नंतर मुलीनं तिच्या लग्नपत्रिकेचा मजकूर पाठवला, तो मी लाल पेनानं सतरा खुणा करून परत पाठवला. त्यावर तिचं उत्तर आलं नाही.

"बाबा, शनिवारी अकराला लग्न आहे," ती म्हणाली. "नोंदणी करून तिथल्याच हॉलमध्ये. चाळीस माणसं असतील."

"बरं."

"तुम्ही यावं असं मला वाटतं. की वाटत नाही, तेच मला कळत नाहीये. आलात तर केस कापून या. आईनं फोटो पाठवला, भुतासारखे दिसताय. आणि बाबा, तिथं बोलू नका. कुणाशीच नका बोलू."

मी फोन ठेवला. मला जायचं होतं. आयुष्यात कुणाच्या समारंभाला मी मनापासून गेलो नाही, त्या गर्दीला मी कायम नाक मुरडत आलो. पण या एका ठिकाणी मला जायचं होतं, पुढच्या रांगेत बसायचं होतं आणि माझी मुलगी या नव्या डोळ्यांनी नीट बघायची होती. हातात तीन दिवस होते.

३

"तूच काप," मी बायकोला म्हणालो. "कात्री आहे घरात. मागचे चार केस तर कापायचेत."

ती कपडे घड्या करत होती. "मी? नाही बाई. मी मागे हात नाही लावणार."

"का? चावतं का काही?"

ती हसली नाही. "तुमचे नेहमीचे आहेत ना, त्यांच्याकडेच जा. त्यांना माहितेय सगळं," ती म्हणाली आणि अर्धी घडी केलेला टॉवेल हातात घेऊन आत निघून गेली.

माझ्या बायकोबद्दल एक सांगायला हवं. ती माझ्याशी समोरून बोलत नाही. समोर आली की हो-नाही, भाजी काय आणू, गोळी घेतली का, एवढंच. पण मी भिंतीकडे तोंड करून टेबलाशी बसलो की मागे पलंगाच्या कडेवर येऊन बसते आणि तासन् तास बोलते. शेजारचं, माहेरचं, मुलीचं. मी कधी ओ देत नाही. मध्येच थांबते, पुन्हा सुरू करते, कधी कधी खुदकन हसते. तोंडावर बोलायची हिंमत नसलेल्या बाईचा हा उद्योग, असंच मी समजत आलो होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या दुपारी मी मुद्दाम टेबलाशी बसलो. ती आली, बसली आणि बोलायला लागली.

"पोरीला एकदा तरी वाटलं पाहिजे ना, आपले बाबा आले म्हणून..." ती म्हणाली. मग थांबली. "हो, ते आहेच." पुन्हा थांबली. "नाही हो, तुम्ही कसले वाईट! तुम्ही वाईट नाही."

मी काहीच म्हटलं नव्हतं. मी वळलो. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "गोळी घेतली का?"

मी न्हाणीघरात जाऊन डोक्यामागे हात फिरवला. केस होते, दाट. बोटं कानामागून आत घातली आणि मध्यापर्यंत नेली. एका जागी आली, आणि पुढच्या क्षणी ती दुसऱ्या कानापाशी होती. मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. मधला भाग कधी ओलांडला ते आठवेना. मी स्वतःची समजूत घातली की गेले चार महिने मी डोकं सांभाळून वावरतोय, हाताला सवय लागली असेल. हातआरसा मागितला तर बायको म्हणाली, फुटला. फोनवर फोटो काढ म्हटलं तर काढला. फोटोत केस होते. केस उचलून काढ म्हटलं तर म्हणाली, हात ओले आहेत.

४

दुसऱ्या दिवशी मी मुख्य रस्त्यावरच्या झगमगीत सलूनमध्ये गेलो. पोपटाकडे जायचं नाही एवढं पक्कं केलं होतं. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. या दुसऱ्या जागी गाणी वाजत होती, भिंतभर दिवे होते आणि काम करणारी मुलं-मुली अशा थाटात वावरत होती की डोक्यावरचे केस नाही, मेंदूच काढून देणार. एका मुलीनं मला बसवलं. पंचविशीची असेल. माझ्याकडे आरशात बघून तिनं तोंडभर हसून विचारलं, "सर, कसे करू या?"

"कमी करा. आणि बोलू नका."

ती बोलली नाही. तिनं केस ओले केले, विंचरले. मग मागचे केस चिमट्यानं उचलून वर अडकवले.

तिचे हात थांबले. कात्री तिनं उघडली होती, ती तशीच उघडी राहिली. मला आरशात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. आधी तिला काही कळलं नाही. मग तिनं वाकून बघितलं. आणि मग, एखाद्याच्या खोलीत न विचारता शिरल्यावर माणूस ओशाळतो तशी ती ओशाळली.

"सॉरी," ती म्हणाली. मला नाही. तिची नजर खाली होती.

"काय झालं?"

तिनं भराभर चिमटे काढले, केस खाली सोडले, वरून दोनदा कंगवा फिरवला. "सर, हे तुम्ही कुणाकडे करता?"

"काय हे? काय करतो?"

"खूप नीट ठेवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला नाही जमणार. तुम्ही तुमच्या नेहमीच्यांकडेच जा ना, प्लीज."

मी आवाज चढवला. मालकाला बोलवा म्हणालो, तुम्हाला कात्री धरता येत नाही तर दिवे कशाला लावलेत म्हणालो. गाणी बंद झाली, सगळे बघायला लागले. ती मुलगी हात मागे बांधून उभी होती आणि माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे आरशात बघत होती. ओल्या केसांनी मी बाहेर पडलो. मला भीती वाटत होती. सांगून टाकलेलं बरं, आयुष्यभर वाटत आली होती.

५

तरी शुक्रवारी दुपारी तीनला मी पोपटाच्या दारात उभा होतो. दुसरा इलाज काय होता? असाच गेलो तर पोरगी मला दारातून परत पाठवणार. आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नव्या भिंगांनी काही आठवडे दिव्यांभोवती वलयं दिसतील, नसलेलं काहीतरी चमकेल. बायको चक्रम, ती पोरगी अर्धवट, माझे डोळे नवे. तीन कारणं झाली. छापखान्यात मी याहून कमी कारणांवर पानं मंजूर केलेली आहेत.

मी एक डाव आखला होता. जुना जाड चष्मा, त्यातली भिंगं काढून, नाकावर चढवला होता. पोपट नेहमीप्रमाणे तो काढून घेणार, मला आंधळा समजणार, आणि हा बाबा एकोणीस वर्षं काय करतोय ते मी लाल पेनानं पकडणार.

"या साहेब," तो म्हणाला. "खूप दिवसांनी."

त्यानं फडकं बांधलं, चष्मा काढून फळीवर ठेवला. मी डोळे अर्धवट मिटून, न दिसणाऱ्या माणसासारखे समोर लावले. एकोणीस वर्षं मी खाली मान घालून खुर्ची गाठायचो; सलून पहिल्यांदाच नीट बघत होतो. मला वाटलं होतं तसं ते घाण नव्हतं. घाण असतं तर बरं झालं असतं. कंगवे उंचीप्रमाणे ओळीत लावलेले होते. पावडरीचा डबा, फेसाची वाटी, ब्रश, सगळं दोन-दोन. एका संचाखाली पांढरा रुमाल घातलेला होता आणि दुसऱ्याखाली नव्हता. टाकीतून पाणी थेंबाथेंबानं पडत होतं. बाकी दोन खुर्च्यांवर कापड टाकलेलं होतं. पोपट माझ्या कल्पनेपेक्षा बराच म्हातारा निघाला. त्याचे डोळे मायाळू होते, याचा मला राग आला.

तो माझ्या मागे गेला, मान माझ्या डोक्याशी वाकवली आणि बोलायला लागला.

एकोणीस वर्षांत मी त्याची बडबड ऐकली नव्हती. आवाज कानावर पडायचा तेवढाच. आता मी ऐकली.

"चार महिने म्हणजे फार झाले," तो म्हणत होता. मग थांबला. मोठ्या आरशात मला तो दिसत होता. कान थोडा पुढे केलेला, ओठ थांबलेले, हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना करतो तसं. "हो ना, गुदमरायला होणारच. बघतो मी." पुन्हा थांबला. या वेळी जास्त वेळ. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "काय सांगता! उद्याच? अकराला? मग पोरगी खूश असेल."

लग्नाचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मी त्याला आयुष्यात काहीच सांगितलेलं नव्हतं.

६

कात्री मागेच चालत होती. पुढच्या केसांना त्यानं हात लावला नाही. ते माझ्या कपाळावर तसेच लोंबत होते. मग वाटीत ब्रश घोळवल्याचा आवाज आला. रुमालावरची वाटी. इतकी वर्षं मला वाटायचं, मानेवरची लव साफ करतोय. वस्तरा उघडला आणि चालायला लागला. खर्र, खर्र. राठ दाढीवर चालतो तसा आवाज. पण तो मानेपाशी येत नव्हता, कानांच्या उंचीवर येत होता, आणि माझ्या कातड्याला पात्याचा स्पर्श कुठेच कळत नव्हता.

मी स्वतःला म्हणालो, ऊठ. पाय उठले नाहीत.

"जरा वर," पोपट म्हणाला. "हं. आता दुसरी बाजू." माझी मान त्यानं धरली नव्हती. तरी ती थोडी तिरपी झाली.

मग त्यानं गरम पाण्याचा टॉवेल पिळला, पावडर लावली. फळीवरून छोटा आरसा उचलला, फुंकर मारून पुसला आणि माझ्या डोक्यामागे धरला.

मी डोळे पूर्ण उघडले.

मागचे केस त्यानं दोन्ही बाजूंना नीट बसवले होते, पडदा बाजूला सारून बांधावा तसे. मधली जागा मोकळी होती. तिथलं कातडं गुळगुळीत होतं, नुकतीच दाढी केल्यानं जरा लालसर, वर पावडर. एका बाजूला बारीक खळी पडत होती. मी एवढंच पाहिलं. डोळ्यांच्या जागेपर्यंत नजर नेली नाही. नेता आली नाही. पण ती खळी मला ओळखीची होती. माझ्या जुन्या एका फोटोत ती आहे. मुलगी जन्मली त्या दिवशीच्या.

"बघा," पोपट म्हणाला. "असंच राहू द्यायचं ना?"

तो मोठ्या आरशात बघत नव्हता. माझ्याकडे बघतच नव्हता. तो छोट्या आरशात बघून विचारत होता. आणि तेव्हा मला कळलं. त्या दोन आरशांतून समोरच्याला मागचं दिसतं, तसंच मागून बघणाऱ्याला समोरचं दिसतं. माझा चेहरा. आठ्या पडलेला, ओठ मुडपलेला. एकोणीस वर्षं तो आरसा मला काही दाखवायला धरलाच नव्हता. मीच दाखवला जात होतो. हे असंच राहू द्यायचं का, असं कुणालातरी दर महिन्याला विचारलं जात होतं, आणि मान डोलत होती. मी माझ्यापुरतं समजत होतो की मी डोलवतोय.

मी मान ताठ केली. दात आवळले, खांदे वर घेतले. हलवणार नाही. काही झालं तरी हलवणार नाही.

मान हलली. डावीकडे. मग उजवीकडे. सावकाश, ठामपणे, पुन्हा एकदा.

"नको?" पोपटानं विचारलं. "खरंच नको?" तो थांबला, ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पोरीचं लग्न आहे."

त्यानं खुर्ची फिरवायला सुरुवात केली. मी ओरडायला तोंड उघडलं. तेव्हा तो माझ्या समोर आला आणि मला वाटतं, पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. फार अदबीनं बोलला.

"साहेब, डोळे मिटून घ्या. केस जातील डोळ्यांत." त्यानं माझ्या कपाळावरच्या चार महिन्यांच्या केसांवरून ओला कंगवा खाली ओढला, नाकावरून, ओठांवरून. "वाढलेत ते बरं झालं. झाकायला पुरतील."

७

शनिवारी मला मुलगी दिसली नाही. केसांच्या फटीतून मला मागच्या रांगा दिसल्या, उघडझाप करणारं दार दिसलं, भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पायाखालची जमीन मला उलटी सरकत होती; माझ्या हनुवटीखाली आता छाती नव्हती, पाठ होती. ज्या दिशेनं मला काही दिसत नव्हतं तिकडे मी नेला जात होतो. बायको शेजारी होती. तिचा हात आमच्या हातात होता. ती बोलत होती आणि मला तिच्या बोलण्यातलं अर्धंच ऐकू येत होतं, कारण ती आता समोरून बोलत होती.

कुणीतरी म्हणालं, मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे अंगावर आला असावा. मला तेवढं नीट कळत नव्हतं. खुर्ची मागे सरली आणि आवाज आला. माझाच आवाज, पण पलीकडच्या बाजूनं, आणि त्यात एक ऊब होती जी मी कधी वापरली नाही. त्यानं सासूबाईंना आधी नमस्कार केला. त्यांच्या अल्बमबद्दल बोलला. लोक हसले, बाई हसल्या, हसताना त्यांचा आवाज ओला झाला. मुलीच्या लहानपणीची एक गोष्ट त्यानं सांगितली, जी मला माहीत नव्हती. मी नेहमीसारखा कान देऊन ऐकत होतो, वाक्यामागून वाक्य. त्या सगळ्या भाषणात मला एकही चूक सापडली नाही.

टाळ्या थांबायच्या आधीच पावलं धावत आली. ओळखली मी ती. मुलीनं मिठी मारली असणार, कारण अंग हललं आणि तिच्या गजऱ्याचा वास सगळीकडून आला. ती रडत होती. "बाबा," ती म्हणत होती, "बाबा, बाबा." एवढ्या वेळा तिनं मला आयुष्यात हाक मारली नव्हती. तिचे हात पाठीवरून वर सरकले, मानेवर आले, आणि एक तळहात केसांत शिरला.

तो माझ्या ओठांवर येऊन थांबला. मऊ, गरम, थोडा ओला. मी तिला हाक मारली. तिच्या नावानं, जेवढं तोंड उघडता आलं तेवढं उघडून.

तिला ते कळलं. तिचं रडणं थांबलं. बोटं एकदा माझ्या गालावरून फिरली, आठ्यांवरून फिरली, आणि त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"काय झालं गं?" पलीकडून आवाज आला.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबला. "तुम्ही बोला ना."